चतुःसीमेच्या खाली

मावसभावाने खरेदीखताचा कच्चा मसुदा माझ्यापुढे ठेवला. चतुःसीमा त्यात चोख लिहिलेली होती. पूर्वेला लगतचा गट, पश्चिमेला गावचा रस्ता, दक्षिणेला नाला, उत्तरेला एका गोदामाची भिंत. जागा सरावलीची, पंधरा गुंठे, वर पत्र्याची जुनी शेड. त्याचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा धंदा आहे. वसईतल्या भाड्याच्या गाळ्यातून निघून स्वतःच्या जागेत जायचं त्याच्या मनात किती वर्षांपासून आहे, ते मला ठाऊक आहे. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला होता. बोजा नाही, वारसांची हरकत नाही, आदिवासी खातेदाराची जमीन नाही, बिनशेतीचा आदेश आहे, मोजणी झालेली आहे.

"टायटल एकदम क्लिअर आहे, ताई."

"आणि पाणी?"

"बोअर आहे की. पण ते वापरत नाहीत. टँकर येतो रोज."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की मी लगेच काही बोलले नाही. पालघर जिल्ह्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जागेवर बोअर आहे, बोअरला पाणी आहे, आणि तरी मालक रोज टँकरचे पैसे मोजतो. का मोजतो, हे सर्च रिपोर्टच्या एकाही पानावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बोईसरला गेलो.

सरावली तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. वसाहत सत्तरच्या दशकात उभी राहिली. तिच्या थोडं आधी, १९६९ साली, देशातली पहिली अणुवीज इथल्याच किनाऱ्यावर तयार होऊ लागली होती. रसायनं, रंग, रंगांना लागणारी मधली द्रव्यं, औषधांचा कच्चा माल, कापडावरची प्रक्रिया, पोलाद, सगळं एका ठिकाणी आलं. सालवड, कुंभवली, पास्थळ, कोलवडे, पाम, टेंभी ही गावं वसाहतीच्या आत-बाहेर विखुरलेली राहिली. कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून जाऊन नवापूरजवळ समुद्रात सुटतं. तिथे पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे मांगेला लोक राहतात. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. सामायिक केंद्राची क्षमता होती दिवसाला अडीच कोटी लिटरची आणि पाणी येत होतं त्याहून कितीतरी जास्त. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था यांच्यासह नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२० साली शंभरावर कारखान्यांच्या नावांसह सुमारे १६० कोटी रुपयांची भरपाई सुचवली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला आणि लढाई तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली.

या प्रकरणाने समुद्र आणि नाले लोकांच्या नजरेत आणले, आणि त्याचं श्रेय मच्छीमारांना द्यायलाच हवं. जमीन मात्र मागेच राहिली. केंद्रीय मंडळ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढतं. हवा, पाणी आणि जमीन असे त्याचे तीन भाग असतात. एकूण आकडा ७०च्या वर गेला की क्षेत्र अतिप्रदूषित ठरतं. २००९ साली तारापूरचा आकडा ७२.०१ होता. २०१८ साली तो ९३.६९ झाला, तपासलेल्या शंभर क्षेत्रांत सगळ्यांत वरचा. हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला तेव्हाही इथल्या जमिनीचे व्यवहार रोजच्यासारखे होत होते, आणि आज तर फारच वेगाने होताहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होणार आहे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग इथूनच जातो. गोदामाला जागा हवी म्हणून माणसं रोज येताहेत आणि दलाल त्यांना मोटरसायकलवर बसवून प्लॉट दाखवत फिरताहेत.

अमेरिकेत असा व्यवहार करायचा असेल तर खरेदीदार आधी जागेची पर्यावरणीय तपासणी करून घेतो. आपल्याकडेही परदेशी पैसा असलेले गोदाम-बांधकामवाले ती करून घेतात आणि तिला 'फेज वन' म्हणतात. या टप्प्यात खोदकाम काहीच नसतं. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, सरकारी नोंदी, परवाने बघायचे, जागेवर फिरायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, जुन्या कामगारांशी बोलायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं, की इथे काही सांडलं असेल, पुरलं असेल, मुरलं असेल असं मानायला जागा आहे का? असली तर दुसरा टप्पा, म्हणजे माती आणि पाण्याचे नमुने. त्यात काही सापडलं तर तिसरा, सफाईचा. १९९३ पासून त्याची लेखी प्रमाण पद्धत आहे आणि अहवाल १८० दिवसांनी शिळा समजतात, कारण तेवढ्या काळात जागेवर काहीही होऊ शकतं.

ही पद्धत आली त्यामागे एक खरेदीखत आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचं गाव आहे. तिथला लव्ह कॅनॉल हा अर्धवट खोदून सोडलेला कालवा. हूकर नावाच्या रसायन कंपनीने त्यात वीस हजार टनांहून जास्त रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. खाली रसायनं पुरलेली आहेत आणि त्यातून काही झालं तर कंपनी जबाबदार नाही, असं त्या खतातच लिहिलेलं होतं. मंडळाने ते वाचूनच जमीन घेतली, तिथे शाळा बांधली, भोवती घरं झाली. सत्तरच्या दशकात तळघरांच्या भिंतींतून काळं पाणी झिरपू लागलं, आयांना मुलांच्या आजारांत सारखेपणा दिसू लागला आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. १९८० साली कायदा आला. त्यात सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याबरोबरच आज जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरही आला. १९८६च्या दुरुस्तीनंतर, मी घेताना सगळी चौकशी केली होती, असं दाखवता आलं तरच त्याची सुटका. तेव्हापासून खरेदीदार, बँक, विमा कंपनी सगळे जमिनीखाली काय आहे ते विचारू लागले.

आपल्याकडे विचारायला कोणी भाग पाडत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात कलम ५५ आहे. मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असं ते म्हणतं. फार चांगलं कलम आहे. पण ती साधारण काळजी म्हणजे किती, हे घेणाऱ्याला अशा जागेवर उभं राहूनच ठरवावं लागतं. आणि बंद पडलेला कारखाना बँकेच्या लिलावात घेतला तर तेही उरत नाही. त्या जाहिराती आपण रोज पेपरात बघतो. मिळकत 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर विकली जाईल, असं त्यात छापलेलं असतं. जुन्या टाक्या, फरशीखालची गटारं, मागच्या भिंतीशी साठलेला गाळ, हे सगळं त्या चार शब्दांतून नव्या मालकाकडे येतं.

म्हणून मी भावाला म्हटलं, फेज वन आपणच करू. लागतं काय, कागद, डोळे आणि दोन दिवस.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली, आणि मला इथे थोडं थांबायचं आहे. वकील सातबारा वाचतात तेव्हा गाव नमुना सात वाचतात, म्हणजे मालक कोण, इतर हक्क कोणाचे. खालचा नमुना बारा ते सोडून देतात, कारण पिकाशी त्यांना कर्तव्य नसतं. मला मात्र तोच हवा होता. त्यात दरवर्षीचं पीक आहे, क्षेत्र आहे आणि पाण्याचं साधन काय त्याचाही रकाना आहे. पालघरच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित उताऱ्यांच्या नकला घेतल्या. शाई फिकटलेली, तलाठ्यांची अक्षरं बदलत गेलेली. वर्षामागून वर्ष भात. एका तुकड्यात वाल. बांधाकडच्या भागात गवत. पाण्याच्या रकान्यात विहीर. मग एका वर्षी विहीर हा शब्द गेला. पुढची दोन वर्षं भात पावसाच्या भरवशावर. त्यानंतर पड. पुन्हा पड. सलग पड. बिनशेतीचा आदेश त्याच्या बऱ्याच नंतरचा आहे. म्हणजे शेड आली म्हणून शेती थांबली नव्हती. शेती आधीच थांबली होती.

शेतकरी शेत पड टाकतो त्याला दहा कारणं असतात. मुलं नोकरीला लागतात, मजूर मिळत नाही, भावांत वाद होतो. पण विहिरीचं पाणी वापरायचं सोडून पावसावर भात घेणं आणि मग तेही सोडणं, या क्रमाकडे कुठल्याही खरेदीदाराने बघायला हवं. आता २०२१ पासून पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवतो, पण जुने उतारे तलाठ्याने शेतात जाऊन, निदान चावडीवर विचारून, लिहिलेले आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गटाचा असा इतिहास सरकारी कपाटात पडून आहे. अमेरिकेतले तपासनीस शंभर वर्षांपूर्वीचे विम्याचे नकाशे शोधत बसतात. आपल्याला तेवढं फिरावं लागत नाही, आणि तरी आपण तो रकाना वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संध्याकाळी गुगल अर्थवर जागेची जुनी चित्रं मागे मागे नेत बघितली. शेड नसतानाच्या एका चित्रात नाल्याकडच्या कोपऱ्यात काळसर डाग दिसत होता, खड्ड्यात पाणी साठावं तसा. नंतरच्या चित्रात तिथे मुरुमाचा तांबूस भराव. त्याच्या पुढच्यात शेड.

भराव हा इथला रोजचा शब्द आहे. खोलगट शेत भरल्याशिवाय त्यावर गोदाम उभं राहत नाही आणि भरायला स्वस्त माल लागतो. घातक कचरा कायद्याने नोंदीसह, ट्रकसोबत कागद देऊन, तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणी न्यायचा असतो. तळोजा इथून शंभरेक किलोमीटरवर. ट्रकचं भाडं आणि तिथली विल्हेवाटीची फी एका बाजूला, रात्रीच्या अंधारात जवळचं पडीक शेत दुसऱ्या बाजूला. कोणी कोणत्या शेतात काय टाकलं हे मला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय मी कोणाचं नाव घेणार नाही. पण ज्या पट्ट्यात रसायनांची रिकामी पिंपं गल्ल्यांमधून कापली, धुतली, विकली जातात, तिथे भराव कशाचा आहे हे विचारणं ही साधी सावधगिरी आहे. हॉलंडमध्ये रॉटरडॅमजवळच्या लेकरकेर्क गावात भरावावर नवी वसाहत बांधली होती. १९८० साली त्या भरावातून रसायनांची दीड हजारांहून जास्त पिंपं निघाली आणि जवळजवळ तीनशे घरं रिकामी करावी लागली. तिथल्या माती-सफाईच्या कायद्याचा उगम त्या गावात आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी गेलो. आजी सत्तरीपुढच्या, ओटीवर तांदूळ पाखडत बसलेल्या. भावाने आपण जमीन बघायला आलोय असं सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "घे बाबा, जमीन चांगली आहे. आमचं भात तिथपर्यंत होतं." हाताने नाल्याकडे दाखवलं. मी विहिरीचं विचारलं. त्या उठल्या आणि आम्हाला परसात घेऊन गेल्या. विहिरीवर पत्रा टाकलेला, पत्र्यावर दगड. "नातवाच्या अंगाला खाज यायची म्हणून बंद केली. भांडीसुद्धा पिवळी पडायची." बोअरचं पाणी त्यांनी स्टीलच्या पेल्यात काढून दाखवलं. पेला पांढऱ्या ओट्यावर ठेवला. पाणी वरून स्वच्छ दिसत होतं, पण उजेडाकडे धरलं की फिकट चहासारखं. वास होता, ओल्या रंगाच्या डब्याचा असतो तसा, अगदी हलका. त्यांना तो वास आता येत नाही.

आम्ही बसलो असताना त्यांनी सहज सांगितलं, त्या कोपऱ्यात आधी तळं होतं, म्हशी बसायच्या. म्हशी बसायच्या कधी बंद झाल्या, ते आजींना लेकीच्या लग्नावरून अचूक सांगता आलं. आणि ते साल सातबाऱ्यातल्या पहिल्या 'पड'च्या जरा आधीचंच होतं.

एवढ्यावर दुसरा टप्पा करणं भाग होतं. जमीनमालकाने परवानगी दिली, ही त्याची भलाई. त्यालाही ही जागा दुसऱ्याकडून आलेली होती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून दोन पोरं आली, बरोबर हाताने फिरवायचा ऑगर, म्हणजे मोठं गिरमिटच. तळ्याच्या जागी त्यांनी ते रोवलं. पहिले दोन फूट मुरूम, कोरडा, तांबडा, कोकणातल्या कुठल्याही भरावासारखा. मग ऑगर एकदम सोपा फिरू लागला. वर काढला तर पात्यांना राखाडी-काळा, साबणासारखा गुळगुळीत थर चिकटलेला, मध्ये मध्ये पिवळट रेघा. पोराने तो नाकाजवळ न नेता लांबूनच हाताने वारा घेतला. "असंच करायचं, मॅडम. डायरेक्ट वास घ्यायचा नाही." त्याखाली चिकण काळी माती, जुन्या भातखाचराची, तिच्यात अजून मुळांचे धागे होते.

नमुने घेताना बघण्यासारखं असतं. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी तपकिरी काचेची बाटली, तोंडापर्यंत भरलेली, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. धातूंसाठी वेगळी बाटली, थेंबभर आम्ल घातलेली. प्रत्येकीवर चिठ्ठी, जागा, खोली, वेळ. सगळ्या बर्फाच्या पेटीत. पेटी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली त्याचा कागद, सहीसकट. ही काळजी नसेल तर अहवालाला पुढे कोणी विचारत नाही. आजींच्या विहिरीवरचा पत्रा सरकवून तिथलं पाणीही घेतलं.

पाण्याला मोजायला आपल्याकडे भारतीय मानक आहे. क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिसं ०.०१, पारा ०.००१, फिनॉल तर मिलिग्रॅमचा हजारावा भाग. मातीला मात्र इतकी वर्षं सर्वांना बांधणारा आकडाच नव्हता. प्रयोगशाळा अहवाल द्यायची आणि तुलना परदेशी मर्यादांशी करावी लागायची. बिछडीची गोष्ट इथे आठवते. उदयपूरजवळच्या या गावात ऐंशीच्या दशकाअखेरीस रंगांना लागणारं 'एच ॲसिड' बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला आणि आसपासच्या गावांच्या विहिरी तांबड्या झाल्या. कारखाने लवकरच बंदही पडले. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सांगितलं की प्रदूषण करणाराच सफाईचा खर्च देईल, त्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्न नाही. तो निकाल आजही प्रत्येक प्रकरणात उद्धृत होतो. पण पैशांचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात चालू होता, आणि तोपर्यंत ज्यांच्या विहिरी होत्या त्यांची एक पिढी म्हातारी झाली होती.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. भावाने तो वसईच्या गाळ्यात, खोक्यांच्या ढिगावर ठेवून उघडला. फिनॉलचा आणि निकेलचा रकाना त्याने बोटाने दोनदा तपासला. मग बराच वेळ गप्प होता. इसार दिला नव्हता, म्हणून सुटलो असं त्याची बायको म्हणाली. तो म्हणाला, "मी सुटलो गं. पण जागा तिथेच आहे ना." दलालाचा फोन आला तेव्हा त्याने कारण खरं खरं सांगितलं. दलाल शांतपणे म्हणाला, काही हरकत नाही साहेब, दुसरी पार्टी तयार आहे.

त्या रात्री आम्ही नवे नियम वाचले. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी आणले. स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी राज्य प्रदूषण मंडळाला द्यायची. मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज पडली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. दूषित ठरलेल्या जागा जाहीर करायच्या, जबाबदार कोण ते शोधायचं, खर्च त्याच्याकडून घ्यायचा. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. देशभरात १०३. बोईसरच्या एका फेरीत मी भरावाच्या किती जागा ओलांडल्या ते मोजलेलं नाही, पण हा आकडा वाचून मला झोप लागली नाही. यादी गावातून वर जायची आहे. गावातल्या कोणीतरी ती सुरू केल्याशिवाय मंडळाच्या टेबलावर काही येणार नाही.

अर्ज भावाने लिहिला. साध्या भाषेत, कोणावर आरोप न करता. गट क्रमांक, जुन्या सातबाऱ्याच्या नकला, उपग्रह चित्रांच्या छापील प्रती, प्रयोगशाळेचा अहवाल. जमीनमालकाला आधी फोन करून सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला, ज्याने मला विकली त्याचंही नाव घाला. अर्ज पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात दिला, एक प्रत ग्रामपंचायतीत, एक प्रदूषण मंडळाकडे. तिन्ही ठिकाणी आवक शिक्का मारून पोच मिळाली. ग्रामपंचायतीतल्या बाईंनी अहवालाचं शेवटचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे आमच्या सार्वजनिक बोअरचंही करता येतं का हो? किती पैसे लागतात?" भावाने प्रयोगशाळेचा नंबर लिहून दिला.

परत येताना आजींकडे थांबलो. त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा कागद वेगळा काढून ठेवला होता. कसा सांगायचा हे रस्ताभर ठरवत होतो. त्यांनी आम्हाला बघितलं आणि विहिरीकडे निघाल्या, पत्र्यावरचा एक दगड उचलून बाजूला ठेवला.

"काय म्हणतात मशीनवाले? पोहरा सोडू?"

"नको आजी," भाऊ म्हणाला. "अजून नको."

त्यांनी दगड पुन्हा पत्र्यावर ठेवला.

"मग किती दिवसांनी?"

भावाने पोचपावतीवरच्या तारखेपासून बोटांवर तीन महिने मोजले.

"श्रावणापर्यंत कोणीतरी येऊन बघून जायला हवं, आजी. मी विचारत राहतो."

"श्रावणात विहीर काठोकाठ भरते," आजी म्हणाल्या. "त्यांना सांग, पाऊस लागायच्या आधी या."

भावाने खिशातून पेन काढलं आणि ते पोचपावतीच्या मागे लिहून घेतलं.